भोयरकाकांचा कुकर

भोयरकाका घरी सोफ्यावर बसलेले असले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असायचा. ब्रेक अर्थातच नसायचा, असायची ती नुसती फरशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादाचा ब्रेक असतो, आणि काकांनी अख्खी उमर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तो दाबण्यात घालवली होती. माणूस थकला, पण पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. ऑटोत बसले की दाबायचे, न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी आला की दाबायचे, आणि बोलता बोलता कोणी नको त्या विषयाकडे वळायला लागलं की हमखास दाबायचे. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे एक गृहस्थ "आमची तशी काही अपेक्षा नाही, पण..." असं म्हणाले, आणि त्या 'पण'वर काकांचा पाय फरशीवर असा काही आदळला की टीपॉयवरचा चहा बशीत सांडला. ते गृहस्थ पुढचं वाक्य विसरले ते विसरलेच. लग्न नारळ आणि मुलगी देऊन पार पडलं, आणि काका त्याचं सगळं श्रेय पायाला द्यायचे.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते. नागपूरजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. जाताना कंपनीची बस मिळायची. येताना तिचा आणि माझा मेळ काही बसत नव्हता. गाडी दारात होती, चालवायला नवरा होता, पण त्याला त्याचं ऑफिस होतं. मग त्यानेच मला शिकवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी आम्ही बोलत बोलत गेलो आणि न बोलता परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून असलेल्या 'भोयर मोटर ड्रायव्हिंग स्कूल' या पाटीखाली जाऊन उभी राहिले.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून शिकाची हाय गाडी?"

"ऑफिसला जायला."

"मिस्टरसंग भांडण झालं का?"

मी वरची पाटी वाचू लागले.

"झालं असन तर बरं हाय," काका म्हणाले. "भांडून आलेली बाई लवकर शिकते. हौसेनं आलेली बाई आरसाच पाहत राह्यते."

तेव्हा त्यांचं स्कूल जवळजवळ बंदच झालं होतं. पांढरी एट हंड्रेड, तिच्या डोक्यावरचा 'L' आणि ओळखीपाळखीचे चार विद्यार्थी, एवढाच पसारा उरला होता. पण शिकवणं पूर्वीच्याच थाटात चालायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. "नुसत्या बसा. गाडीले तुमचं वजन समजलं पाह्यजे." दुसऱ्या दिवशी हॉर्न. "हॉर्न म्हणजे शिवी नाही मॅडम, खोकला हाय. सासरा घरात येताना कसा बाहेरून खोकलते? तसा. तेवढाच." रिव्हर्सच्या दिवशी मी आरशात बघून गाडी मागे घेऊ लागले तर म्हणाले, "मान वळवा, पुरी वळवा. आरशात पाहून माफी मागते का कोणी?" आणि एकदा वर्धा रोडला लागायच्या आधी म्हशींचा एक कळप रस्त्यात ठाण मांडून बसलेला होता. मी तो सासऱ्याचा खोकला तीन-चारदा खोकून पाहिला. म्हशी काही सुना नव्हत्या. ढिम्म हलल्या नाहीत. काका शांतपणे म्हणाले, "थांबा. म्हशीले पह्यला मान. पुस्तकात लिहून हाय."

'पुस्तकात लिहून हाय' हे त्यांचं निकालाचं वाक्य. त्यावर अपील नसे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा माणूस संसारातही भरवशाचा नाही, पुस्तकात लिहून हाय. रस्ता विचारायचा तर पानठेल्यावर विचारावा, मेडिकलवाल्याला विचारू नये, पुस्तकात लिहून हाय. मागून कोणी घाईने हॉर्न मारत आला तर त्याला आधी जाऊ द्यावं, त्याच्या पोटात कळ असू शकते, पुस्तकात लिहून हाय. मला वाटायचं की हे पुस्तक आरटीओने काढलेलं असणार आणि आरटीओत निदान एक तरी रसिक माणूस बसलेला असणार.

लायसन्स मिळालं त्या दिवशी मी संत्रा बर्फी घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या पुस्तकाचं दर्शन घडलं. काकांनी आधी हात धुतले, पुसले, मग कपाटातून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं काढून मांडीवर ठेवलं. आत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. स्वातंत्र्याच्या बरंच आधीचं. आपल्या या भागात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतात, मोटारगाड्या कशा आल्या, पहिल्या कोणी आणल्या, कुठल्या घाटात कोणाची गाडी बैलांनी ओढून काढली, याचा इतिहास. रस्ते बांधण्यात हयात घालवलेल्या कुणा साहेबाने तो म्हातारपणी पदरमोड करून छापला होता. वरचं कागदी वेष्टन कडांना फाटलेलं, पण त्यावरचं चित्र शाबूत होतं: टप नसलेली मोटार, तिच्यात टोपीवाली मडम आणि बाजूला तिच्याकडे बघत उभा असलेला एक बैल. शेवटी घडी घातलेला मोठा नकाशा, लाल रेघांचे रस्ते असलेला. मधे फोटोच फोटो.

"हे पाह्य," काका म्हणाले. लायसन्स मिळाल्याबरोबर मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले होते आणि 'तुम्ही'ची 'तू'. "हा राजा. हे त्याची गाडी. हा ड्रायव्हर. ड्रायव्हरचा हात पाह्य कुठी हाय. स्टेरिंगवर! फोटो काढून राह्यले तरी त्यानं हात सोडला नाही. याले म्हणते ड्रायव्हर."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "काढला का कुकर?"

मी गोंधळून काकांकडे पाहिलं. काकांचा पाय फरशीवर दाबला गेला होता, पण उपयोग नव्हता. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्याच. मग मला ती हकिकत दोघांकडून एकाच वेळी ऐकायला मिळाली. तेव्हा त्यांच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. भिशीचे पैसे काकूंना लागले होते. त्यांनी ते काकांच्या हातावर ठेवून इतवारीच्या बाजारातून कुकर आणायला सांगितलं होतं, पाच लिटरचा, दोन डबे घातलेला. काका इतवारीला जायचे ते बर्डीवरून गेले. बर्डीच्या फुटपाथवर रद्दीच्या ढिगात त्यांना ती मडम आणि तो बैल दिसला.

"अन् हा माणूस," काकू म्हणाल्या, "संध्याकाळी धोतरात गाठोडं बांधून घरी आला. मी डाळ धुऊन वाट पाहून राह्यली. म्हटलं शिटी कुठी हाय? तं म्हणते, हे इतिहास हाय."

"दुकानदार उठून जात होता, वं," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी भेटलं नसतं."

"कुकर दुसऱ्या दिवशी भेटला नसता का?"

याला काकांजवळ तीसेक वर्षांत उत्तर सापडलं नव्हतं. पुढे त्या घरात यथावकाश कुकर आले, चांगले तीन आले, पण पुस्तकाचं नाव कुकर पडलं ते पडलं. "तुमचा कुकर उचला, पोळ्या लाटाच्या हायेत." "दिवाळीची साफसफाई हाय, कुकरले ऊन दाखवा." पाहुण्यांना काकू काकांकडे बोट दाखवून आवर्जून विचारत, "यायचा कुकर पाह्यला का?" दर दसऱ्याला काका गाडीची पूजा करायचे आणि पुस्तकालाही हळदकुंकू वाहायचे, तेव्हा काकू ओवाळणीचं ताट हातात देता देता म्हणत, "घ्या, तुमची शिटी व्हाची हाय अजून."

एका रविवारी काही काम नव्हतं म्हणून मी त्या पुस्तकाचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं. विकायला कुठेही नव्हतं. फक्त मुंबईच्या मुन्शी नावाच्या, जुन्या पुस्तकांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकांत त्याचं नाव दिलेलं होतं. मी काकांकडे जाऊन पाच-सहा फोटो काढले आणि पाठवून दिले. मला वाटलं, आलंच उत्तर तर आठवड्याने येईल. घरी पोहोचून चपला काढत होते तोच फोन वाजला.

मुन्शी मोठ्या अदबीने बोलत होते, पण दम लागल्यासारखे. वेष्टन आहे? आहे. नकाशा आहे? आहे. फाटलाय? घडीवर थोडासा. बांधणी जुनीच? जुनीच. मग म्हणाले की वेष्टन आणि नकाशासकट प्रत त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली आहे, तीसुद्धा काचेच्या कपाटात. किंमत प्रत्यक्ष पाहूनच सांगेन. पण फोटोंवर विश्वास ठेवायचा तर एक लहानशी नवी गाडी दारात येईल. पंधरा दिवसांनी एका लग्नाला ते नागपुरात येणारच होते. "फक्त एक विनंती," ते म्हणाले. "कशालाही हात लावू नका. पुसूसुद्धा नका. जसं आहे तसं."

मी हे सगळं जसंच्या तसं काकांना सांगितलं. हात लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं. काका ऐकत होते आणि पाय दाबत होते, सुख अंगावर एकदम येऊन आदळू नये म्हणून. "नवी गाडी?" त्यांनी विचारलं. "एसीवाली?" मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आइकलं का वं? नवी गाडी येते म्हणते पुस्तकात!"

"कुकर कितीचे येते तेवढ्यात?" काकू आतून म्हणाल्या.

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकाला हात लावून उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "पोरी, पैशाचं नाही वं काही. पोरगा पुण्यावरून पाठवते, आमचं चालते. पण एकदा तुया काकूच्या तोंडून आइकाचं हाय, 'बरोबर होतं तुमचं.' एकदा म्हटलं पाह्यजे तिनं. मंग मी डोळे मिटाले मोकळा." हसत हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. मला त्यांची इतकी माया आली की मी देवाला नवस बोलायचीच बाकी राहिले होते.

मुन्शी यायचे त्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकली. भोयरांच्या घरी पोह्यांचा वास सुटला होता, पोह्यांवर घालायची झणझणीत तर्री वेगळ्या पातेल्यात होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यांचा चेहरा दिवाळीच्या पहाटेसारखा झाला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एकदम फस्क्लास काम झालं. सर्व्हिसिंग करून आणली." मला वाटलं, एट हंड्रेडबद्दल बोलताहेत. लिंबाच्या अत्तराचा, म्हणजे गाडीत टांगतात तसल्या डबीचा वासही येत होता; त्याचाही मी तोच अर्थ लावला.

मुन्शी आले. बारीक, पिकलेल्या केसांचे, पांढरे हातमोजे खिशात घेऊन आलेले. पोहे त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवले, आधी दर्शन म्हणाले. हातमोजे चढवले. काकांनी गाठोडं आणून टीपॉयवर ठेवलं, सासरकडच्या मंडळींसमोर मुलगी बसवावी तसं, आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडली.

आत एक काळंभोर, चकचकीत पुस्तक होतं. रेग्झिनचं. कोर्टाजवळ वकिलांची कागदपत्रं बांधून मिळतात तसलं. त्यावर सोनेरी अक्षरांत पुस्तकाचं नाव होतं, आणि त्याखाली त्याहून मोठ्या सोनेरी अक्षरांत: भोयर मोटर ड्रायव्हिंग स्कूल.

मुन्शींनी इकडे तिकडे पाहिलं. "हे छान आहे," ते म्हणाले. "आणि पुस्तक?"

"हेच तं हाय साहेब!" काकांना हे कौतुकच वाटलं. "वळखू नाही आलं ना? अशीच तं सर्व्हिसिंग पाह्यजे." मग ते समजावून सांगू लागले, नवं गिऱ्हाईक गाडीभोवती फिरवून आणावं तसे. पानांच्या कडा खालीवर झाल्या होत्या, त्या मशीनवर कापून बरोबर केल्या, फुटपट्टी लावून पाहा. शिलाई ढिली होती, ती नवीन, डबल. कव्हरला डॅशबोर्डचं लिंबाच्या वासाचं पॉलिश मारलं. नकाशा घडीवर फाटत चालला होता, त्याला लॅमिनेशन करून घेतलं. आता त्याची घडी होत नव्हती, म्हणून तो कॅलेंडरसारखा गुंडाळून रबर लावून वेगळा ठेवला होता. "आता पन्नास वर्स काही होत नाही त्याले. पाण्यात टाका."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या हातातली पाण्याची लोटी तशीच राहिली होती. त्यांनाही हे नवीन होतं.

"काका," मी म्हटलं, "हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अवं, ते तं सगळेच म्हणते!" काका म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतेच, जशी हाय तशी दाखवा. अन् आपून खरंच धूळ बसलेली गाडी दाखवाची का? डेंटिंग-पेंटिंग केल्याशिवाय गाडी काढली का मी कधी? इज्जत हाय का नाही?"

मुन्शींनी पहिलं पान उघडलं. त्यावर ताज्या कुंकवाचं स्वस्तिक होतं. नव्या बांधणीची पूजा झालेली होती. त्यांनी पानं उलटली. एका फोटोतल्या मोटारीचं मागचं चाक कडेबरोबर कापलं गेलं होतं. दुसरीकडे राजाचा ड्रायव्हर होता, पण स्टेरिंगवरचा तो सुप्रसिद्ध हात मनगटापासून गेला होता. "आणि वेष्टन?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "बाहेरचा कागद? मडम आणि बैल?"

"ते फाटकं टरफल? ते फेकलं."

मुन्शींनी हातमोजे काढले. पाणी मागितलं. लोटी अर्धी रिकामी केली आणि मग, माणूस सज्जन म्हणून, शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. अशा पुस्तकाची किंमत त्याच्या जुनेपणात असते. फाटका कागद, घडीचा नकाशा, वेड्यावाकड्या कडा, हीच सगळी किंमत होती. आता ती गेली. वाचण्यापुरती प्रत म्हणून फार तर दीड-दोन हजार देता येतील, तेही त्यांच्या खिशातून, लांबून आलो म्हणून.

दीड-दोन हजार. तेवढ्यात आज एक बरा कुकर येतो. हे मला कळलं, काकांना कळलं, आणि काकूंना तर आम्हा दोघांच्या आधी कळलं असणार. काकांचा पाय फरशीवर दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला. इतकी वर्षं त्या पायाने काय काय थांबवलं होतं, पण हे काही थांबत नव्हतं. चेहऱ्यावरची दिवाळी विझली होती. त्यांनी काकूंकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून ते कुकरवरच्या त्या एका वाक्याची वाट पाहत बसले. तीस वर्षं ज्याची तयारी चालली होती ते वाक्य आयतं ताटात वाढून काकूंच्या समोर आलं होतं.

काकूंनी लोटी परत घेऊन खाली ठेवली. "चूक मायी हाय साहेब," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं यायले, फाटकं पुस्तक पाहुण्यापुढं ठेवू नका, चांगलं बांधून आणा म्हणून. ते नाहीच म्हणत होते."

काकांनी मान वर केली.

"अन् इकाचं नाही आमाले," काकू म्हणाल्या. "माया भिशीच्या पैशाचं हाय ते. मायी वस्तू हाय. तुमी पोहे खा, थंडे होऊन राह्यले."

मुन्शींनी पोहे खाल्ले. तर्रीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तर्रीनेच आलं असणार. जाताना त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला, पुस्तकाला नाही.

त्यानंतरची मजा अशी की काकूंनी 'कुकर' म्हणणं बंद केलं. पुस्तक पोळपाटाशेजारी दिसलं तरी मुकाट्याने उचलून कपाटात ठेवून द्यायच्या. दोनच आठवड्यांत काका माझ्याकडे येऊन बसले, पावसात मातीचं घर बसावं तसे. "घरात करमत नाही वं पोरी," म्हणाले. "काही बोलतच नाही ते. 'पुस्तक ठेवलं कपाटात,' म्हणते. पुस्तक! मी काय पाहुणा हाय का?" मग त्यांनी मुद्दाम पुस्तक ओट्यावर ठेवून पाहिलं. तिखटाच्या डब्यावर ठेवून पाहिलं. भिवापुरी मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या खाटेवर अगदी मधोमध ठेवून पाहिलं. काकू शांतपणे उचलत आणि नेऊन ठेवत. इतका आदर काकांना जन्मात कोणी दिला नव्हता, आणि तो त्यांना सोसत नव्हता.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले, गाडी गेटबाहेर काढत होते, मान पुरी वळवून, तर काका बनियनवरच गल्लीतून येताना दिसले. मी घाबरून ब्रेक मारला. "काय झालं?"

"म्हटलं तिनं!" काका खिडकीत वाकून म्हणाले. चेहरा फुलून आला होता. "आत्ता. 'उचला तो कुकर, पोळ्या लाटाच्या हायेत.' आवाज पुरा पह्यल्यासारखा!" आणि 'जा, जा, उशीर होऊन राह्यला तुले' म्हणून आनंदाने परत फिरले. 'बरोबर होतं तुमचं' हे त्यांना कधीच ऐकायला मिळालं नाही. पण त्या दिवशी गल्लीतून परत जाणारा तो माणूस काही हरलेला नव्हता.

मागच्या थंडीत काका गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. त्यांना नेलं तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेली निम्मी ले-आउट आपापल्या गाड्या घेऊन मागे आली होती, आणि अख्ख्या रस्त्यात कोणी एकदाही हॉर्न मारला नाही. तेरवी झाली. मुलगा आईला पुण्याला चल म्हणाला, काकू म्हणाल्या, पाहू, दसरा होऊ दे.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला म्हणून गेले. सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कपाटातून कुकर आण," त्या म्हणाल्या. "अन् वाचून दाखव. एवढी वर्स झाले, त्यात काय लिहून हाय ते मले समजलंच नाही. तुले इंग्रजी येते. मराठीत सांग."

मी काळं रेग्झिनचं पुस्तक उघडलं. कुंकू, मग अनुक्रम, मग साहेब. साहेबाने नदीनाल्यांवरच्या मोऱ्या कुठे कुठे बांधल्या ते लिहिलं होतं. मग खडी कुठल्या खाणीतून आणली ते. मग पेट्रोलचे डबे कोणत्या गावात कोणाकडे मिळत. मी पन्नासेक पानं चाळली. मोऱ्या, खडी, डबे. साहेब रस्त्यांच्या बाबतीत मोठा दर्दी असणार, पण त्याच्या लिखाणात एकही माणूस खोकत नव्हता.

"म्हशीचं कुठी हाय?" काकूंनी विचारलं. "म्हशीचं वाच ना."

समोरच्या पानावर मोऱ्यांच्या लांबीरुंदीचा तक्ता होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. "रस्त्यात म्हशी बसलेल्या असल्यास वाहनचालकाने थांबावे. पहिला मान म्हशीचा." पान उलटलं. "भोंगा ही शिवी नसून खोकला आहे. घरात येताना सासरा जितका खोकतो, तितकाच वाजवावा." मग उतारावरचा न्यूट्रल. मग पानठेला. मग पोटात कळ असलेल्या माणसाला पुढे जाऊ देण्याचा नियम. शब्दांमागून शब्द येत गेले. काकूंना कळू नये म्हणून मी भराभर वाचू लागले.

सुपातला हात थांबला. "खोटं वाचून राह्यली तू," काकू म्हणाल्या.

मी पुस्तकावरचं बोट काढलं.

"तुया काकाले इंग्रजी येत नव्हतं, हे काय मले आज समजलं? लग्नाच्या पह्यल्या वर्सी बँकेचा कागद आला होता इंग्रजीत, तो शेजारच्या मास्तराकडून वाचून आणला होता त्यायनं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कुकर म्हणत होती ना मी," काकू म्हणाल्या. "तेवढं पुरे होतं." त्यांनी पदराने डोळे टिपले, सूप पुन्हा मांडीवर नीट घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वाच. पुढं वाच. पण हळू वाच वं पोरी. आता ब्रेक माराले ते नाही."